आमची वाटचाल: एका फाइलवर दहा जण

कोल्हापुरात दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं तेव्हा आम्ही तिघं होतो. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदवायचं, उत्पादकाच्या हातात पावती द्यायची, दर दहा दिवसांनी बिल काढायचं. संस्था वाढल्या, माणसं दहा झाली, तेव्हा भाड्याच्या सर्व्हरवर कुबरनेटिसचा क्लस्टर उभा केला, म्हणजे सर्व्हर एकत्र जोडून त्यांच्यावर सॉफ्टवेअर चालवणारी व्यवस्था.

क्लस्टर उभारला की अ‍ॅडमिनची एक फाइल तयार मिळते. तिच्यात सर्वाधिकाराचं सर्टिफिकेट, म्हणजे क्लस्टरला दाखवायचं डिजिटल ओळखपत्र, असतं. ती आम्ही सगळ्यांच्या लॅपटॉपवर टाकली. नवा माणूस आला की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, झालं. कुणी काय बदललं ते कळायचं नाही, कारण क्लस्टरच्या लेखी आम्ही दहाही जण एकच होतो.

मग एक सहकारी नोकरी सोडून गेला. माणूस सरळ, आजही आमचा मित्र आहे. पण त्याचा प्रवेश बंद कसा करायचा, याचं उत्तर शोधायला बसलो आणि माझी झोप उडाली. कुबरनेटिसमध्ये माणसाचं खातं अशी वस्तूच नाही. सर्टिफिकेटवर जे नाव असेल तो वापरकर्ता. दिलेलं सर्टिफिकेट रद्द करण्याची सोय नाही. आणि आमची फाइल ‘सिस्टिम मास्टर्स’ गटातली, म्हणजे तिला परवानग्यांचे नियम लागूच होत नाहीत. वर्षाची मुदत संपेपर्यंत थांबायचं, नाहीतर ज्याच्या सहीने बाकीची सर्टिफिकेटं चालतात ते क्लस्टरचं मूळ सर्टिफिकेटच बदलायचं.

आम्ही मूळच बदललं. सकाळचं संकलन संपल्यापासून संध्याकाळचं सुरू होईपर्यंत जो वेळ मिळतो, तेवढ्यात. एकेक पॉड (क्लस्टरवर चालणारा सॉफ्टवेअरचा एक घटक) नव्याने सुरू केला. शेवटचा उभा राहिला तेव्हा पहिली किटली काट्यावर यायला थोडाच अवकाश होता. तो दिवस मी विसरणार नाही.

त्यानंतर ठरवलं, प्रत्येकाची स्वतःची फाइल. माणूस आपली खासगी की (गुप्त डिजिटल किल्ली) स्वतःच्या लॅपटॉपवर तयार करतो आणि सर्टिफिकेटची मागणी यामल फाइलमध्ये, म्हणजे सेटिंग लिहायच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, लिहून देतो. मुदत सेकंदांत द्यावी लागते. आम्ही २५९२००० लिहितो, म्हणजे ३० दिवस. ही मुदत मागण्याची सोय कुबरनेटिसच्या १.२२ आवृत्तीपासून आली. दुसऱ्या फाइलमध्ये त्याचं नाव एखाद्या रोलला (परवानग्यांच्या यादीला) जोडायचं: कुठल्या नेमस्पेसमध्ये (क्लस्टरच्या कप्प्यात) काय पाहता येईल, काय बदलता येईल. सर्टिफिकेट सांगतं हा कोण, जोडणी सांगते याला काय करता येतं. सर्टिफिकेट परत घेता येत नाही, पण जोडणी काढता येते. एवढं उमगलं आणि माणूस गेल्यावरची धास्ती संपली.

तरी एकदा चुकलोच. या फाइली आम्ही गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहणाऱ्या साठ्यात, ठेवतो. नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाची फाइल तिथून काढली आणि काम झालं असं समजलो. क्लस्टरमधली जोडणी तशीच राहिली होती. फाइली क्लस्टरवर चढवणारी ‘अप्लाय’ ही आज्ञा नवं टाकते, गिटमधून गेलेलं आपणहून पुसत नाही. काही महिन्यांनी त्याच नावाचा दुसरा मुलगा आला आणि पहिल्याच दिवशी त्याला बिलांचा नेमस्पेस उघडा मिळाला. तोच मला सांगायला आला, हे त्याचे उपकार. आता वापरकर्त्याचं नाव म्हणजे कर्मचारी क्रमांक, आणि तो पुन्हा कुणाला दिला जात नाही. गिटमधून फाइल गेली की क्लस्टरमधूनही जावी यासाठी आर्गो सीडीमध्ये (गिटमधल्या फाइली क्लस्टरवर लावणाऱ्या साधनात) प्रून, म्हणजे छाटणी, चालू केलं.

रोल बदलायचा असेल तर जुन्या जोडणीत रोलचं नाव बदलता येत नाही, ती काढून नवी करावी लागते. मला हे पटतं. परवानगी वाढवताना हात थोडा थांबावा.

यंत्रांच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, खात्यांनी वेगळा त्रास दिला. ती मात्र क्लस्टरमध्येच राहतात, सर्व्हिस अकाउंट म्हणून. २०२२ मध्ये आलेल्या १.२४ पासून त्यांच्याबरोबर कायमचं टोकन (प्रवेशाचा सांकेतिक परवाना) आपोआप तयार होणं थांबलं. नव्या खात्यावर डिप्लॉयमेंटची (नवी आवृत्ती क्लस्टरवर चढवण्याची) आमची स्क्रिप्ट अडली. आता ती दर वेळी तासाभराचं टोकन मागून घेते.

परवा गडहिंग्लजहून एक मुलगी रुजू झाली. दोन्ही फाइली तिने स्वतः लिहिल्या, सीनियरने वाचून मर्ज केल्या, म्हणजे गिटमध्ये घेतल्या. दुपारी तिने मला बोलावून स्क्रीन दाखवली, ‘‘सर, बघा.’’ प्रॉडक्शनमधले (संस्था प्रत्यक्ष वापरतात त्या व्यवस्थेतले) पॉड मला पुसता येतील का, असं तिने क्लस्टरला विचारलं होतं. खाली उत्तर होतं, ‘नो’.