आधी मोठ्यानं वाचायचं, मग छापायचं

2024 च्या दसऱ्याला आमच्या सांगलीच्या छापखान्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली. पूजा नेहमीसारखीच केली. मशीनला झेंडूचा हार, कटिंगच्या पात्याला हळद-कुंकू आणि कोपऱ्यात ठेवलेल्या खिळ्यांच्या (छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) केसवर, म्हणजे खणांच्या पेटीवर, आपट्याची पानं. त्या केसमधल्या खिळ्यांनी काही छापून वीस वर्षांच्या वर झाली, तरी पहिला मान तिचाच. आलेल्या गिऱ्हाइकांनी आग्रह केला की वहिनी, हे सगळं एकदा लिहून काढा. म्हणून लिहिते आहे.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो, गावातल्याच एका छापखान्यात अकरा वर्षं खिळे जुळवत होते. 1974 साली त्यांनी पतपेढीचं कर्ज काढून पायानं मारायचं जुनं ट्रेडल मशीन घेतलं आणि गावभागात दहा बाय बाराच्या गाळ्यात श्रीगणेशा केला. पहिलं काम मिळालं ते मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्याचं, पट्टीबुकं छापायचं. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशेबाचा कागद. पोती किती, वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई-अडत किती गेली आणि हातात किती आले, हे सगळं त्याच्यावर. मामा म्हणायचे, वर्षभराच्या कष्टाचं उत्तर त्या वितभर कागदावर येतं, तर त्याच्या रेघा वाकड्या असून चालणार नाहीत. रेघांसाठी पितळी पट्ट्या लागायच्या. त्यांचे सांधे जुळेपर्यंत ते फर्मा, म्हणजे छापायला जुळवलेली चौकट, आवळायचे नाहीत.

मी 1998 मध्ये या घरात सून म्हणून आले. तोवर छापखान्यात दोन ट्रेडल, एक हातानं दाबायचं कटिंग मशीन आणि चार माणसं होती. त्यात एक जुळारी, अण्णा. खिळे जुळवताना त्यांना मी तासन् तास बघत बसायची. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायचं साधन, अंगठा शेवटच्या खिळ्यावर, उजवा हात केसवर न बघता फिरतोय. इंग्रजीचं दोन केसमध्ये भागतं, मराठीला चार लागतात, कारण अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्या, रफार सगळ्यांची घरं वेगळी. स्टिकमध्ये ओळ उलटी दिसते आणि अण्णा ती उलटीच वाचायचे, आपण पेपर वाचतो तितक्या सहज. काम छापून झालं की खिळे रॉकेलनं धुवायचे आणि एकेक करून परत आपापल्या घरात टाकायचे. जुळवायला जेवढा वेळ, तेवढाच मोडायला. एक खिळा चुकीच्या घरात पडला की पुढच्या कामात चूक ठरलेली.

म्हणूनच मामांचा नियम होता की प्रूफ, म्हणजे तपासायला काढलेली पहिली छाप, दोघांनी बघायचं. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवून बघायचं. नावं असतील तर अक्षर न् अक्षर सुटं वाचायचं. "कुलकर्णी, क ला पहिला उकार, ल, क, रफार, ण ला दुसरी वेलांटी." संध्याकाळी गाळ्यात हे पाढे म्हटल्यासारखं चालायचं आणि मला वाटायचं, केवढा वेळ जातोय यात.

मी लग्नाआधी डीटीपीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं जुळवायचा, कोर्स केला होता, त्यामुळे कॉम्प्युटरचं खातं आपसूक माझ्याकडे आलं. पेजमेकरमध्ये पानं लावायची, श्रीलिपीत टाइप करायचं, लेझरची प्रिंट बटर पेपरवर काढायची, ती पेस्ट करून तिच्यावरून प्लेट, म्हणजे ऑफसेट मशीनवर चढवायचा छपाईचा पत्रा, करायची. 2001 मध्ये आम्ही एकरंगी ऑफसेट मशीन घेतलं आणि एक ट्रेडल विकलं. दुसरं आजही आहे, नंबर टाकायला आणि परफोरेशनला, म्हणजे पावती फाडायची टिंबांची रेघ मारायला. ज्या दिवशी केस कोपऱ्यात गेल्या त्या दिवशी अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाइंडिंग हातात घेतलं.

एकरंगी मशीनवर चार रंगांचं काम करणं म्हणजे परीक्षाच. कागद चार वेळा मशीनमधून जातो. आधी पिवळा, मग रोलर धुऊन मजेंटा, मग सायन, शेवटी काळा. पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा ओढतो, केसभर ताणला जातो आणि तिसऱ्या रंगापर्यंत रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, हलतं. मग अक्षराच्या कडेनं लाल सावली दिसायला लागते. आमच्याकडे रंगीत काम जास्त करून हळदीच्या पुड्यांच्या लेबलांचं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून लेबलं अजून वाढली. हळदवाले प्रूफ बघायला येताना कागदाच्या पुडीत चिमूटभर हळद घेऊन येतात. ती प्रूफवर ठेवतात, बोटानं पसरतात आणि दारात उन्हात नेऊन बघतात. नुसता पिवळा छापला तर तो लिंबासारखा दिसतो. त्यात पंचवीस टक्क्यांच्या आसपास मजेंटा मिसळला की हळदीचा उबदारपणा येतो, जरा जास्त झाला की तेच केशरी दिसायला लागतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हे कधीच कळत नाही. आमच्या मशीनमनच्या टेबलाच्या खणात अशा हळदीच्या पुड्या आहेत, प्रत्येकीवर गिऱ्हाइकाचं नाव.

पण आमचं घर चालतं ते अहवालांवर. सांगली-कोल्हापूरकडच्या कुणालाही हे सांगायला नको. दूध संस्था, सोसायट्या, पतसंस्था, नोकरांच्या पतपेढ्या, सगळ्यांना वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभेची नोटीस चौदा दिवस आधी सभासदाच्या हातात पडावी लागते. म्हणजे ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर आम्हाला दिवस-रात्र सारखेच. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, संचालकांचे फोटो, आणि सुरुवातीला श्रद्धांजलीचं पान.

2006 साली त्या पानावर माझ्या हातून जी चूक झाली ती मी आजवर विसरले नाही. कॉम्प्युटर आल्यावर मोठ्यानं वाचायचा नियम मीच हळूहळू सोडला होता. पडद्यावर सगळं स्वच्छ दिसतं, गेल्या वर्षीची फाइल तयार असते, नुसते आकडे बदलायचे, असं मला वाटायचं. एका पतसंस्थेच्या अहवालात पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या सभासदांचा सत्कार होता आणि त्याच्याच अलीकडे श्रद्धांजली. नावं इकडून तिकडे उचलताना सत्काराच्या यादीतलं एक नाव श्रद्धांजलीत राहून गेलं. प्रूफवर संस्थेची सही होती. आम्ही चौदाशे प्रती छापल्या, पिना मारल्या, त्यातल्या साठेक वाटूनही झाल्या.

तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ स्वतः आले. सायकल बाहेर लावली, टोपी काढून हातात घेतली आणि अहवाल माझ्यासमोर उघडून ठेवला. "वहिनी, सकाळपासनं तीन घरनं माणसं येऊन गेली. चौथा फोन लेकीचा. तिला माझा आवाज ऐकवला तरी ती रडायची थांबंना." आवाज चढवला नाही. चहा दिला तर कप हातात थरथरत होता. मामा आतून आले आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. मला वाटत होतं, मला कुणीतरी चांगलं खडसावून बोलावं.

संस्थेची सही होती, त्यामुळे खर्च आमच्या अंगावर येण्याचं कारण नव्हतं. तो मामांनी घेतला. उरलेल्या साऱ्या प्रतींच्या पिना आम्ही रात्रभर बसून काढल्या, पहिला फर्मा, म्हणजे सुरुवातीच्या पानांचा कागद, नव्यानं छापला, परत पिना मारल्या. वाटलेल्या साठ प्रती घरोघरी जाऊन बदलल्या. त्या गृहस्थांच्या लेकीची प्रत मी स्वतः एसटीनं कवठे महांकाळला नेऊन दिली. त्या दिवसापासून आमच्याकडे नावांचं पान मोठ्यानं वाचल्याशिवाय प्लेटला जात नाही, कितीही घाई असो. गिऱ्हाईक दारात उभं असलं तर त्यालाच वाचायला बसवतो.

निवडणुकीतही नावाचाच प्रश्न असतो, पण तिथं ते आमचं स्वतःचं. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 127 अ. प्रचाराच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो, छापून घेणाऱ्यानं स्वतःच्या सहीचं आणि त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीचं घोषणापत्र द्यावं लागतं, आणि आम्ही ते छापील प्रतीसकट जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. नाही केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी प्रत्येक निवडणुकीत रात्री अकराला कुणीतरी शटर वाजवतं. "नाव नको टाकू, डबल पैसे घे." मजकूर वाचला की कळतं नाव का नको आहे. आम्ही एकदाही असं काम केलेलं नाही. त्यामुळे काही मोठी कामं कायमची गेली, त्याचं आम्हाला दुःख नाही.

2017 च्या जूनमध्ये मात्र उसंत नव्हती. 1 जुलैपासून जीएसटी लागणार, म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येक व्यापाऱ्याचं जुनं बिलबुक रद्दी. नवा नंबर, सीजीएसटी-एसजीएसटीचे रकाने, ओरिजिनल-डुप्लिकेट-ट्रिप्लिकेट. गुलाबी आणि पिवळा कार्बनलेस कागद मिळेना. मामांचं जुनं ट्रेडल तीन आठवडे सकाळी सहा ते रात्री बारा नंबर टाकत होतं. त्यानंतर दोन वर्षांत निम्मे व्यापारी कॉम्प्युटरवर बिलं काढायला लागले आणि ते काम ओसरलं ते ओसरलंच.

आणि मग 2019 चा ऑगस्ट. 2005 च्या पुरात पाणी आमच्या गाळ्यात कुठवर आलं होतं त्याची रेघ मामांनी ऑइलपेंटनं भिंतीवर मारून तारीख घातली होती. सगळ्या पेठेत अशा रेघा होत्या. आम्ही कागद त्या रेघेच्या दोन फूट वर रचायचो आणि निर्धास्त असायचो. 2005 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. 2019 ला ते 57 च्या वर गेलं. आम्ही दोन्ही कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क सांगलीतल्याच विश्रामबाग भागात आणल्या, बाकी सगळं मागे राहिलं. अहवालांसाठी आणलेला चाळीस रीम मॅपलिथो कागद नुकताच उतरवून घेतला होता.

दहा दिवसांनी शटर उघडलं. कुजलेल्या कागदाचा वास मला आता लिहितानाही येतो. रीम फुगून रॅकचे लोखंडी अँगल वाकले होते. रोलरवर चिखल, मोटर गेलेली, पॅनेल गेलेलं. मामा तेव्हा नव्हते, हे एका अर्थानं बरंच झालं. माझे यजमान पायरीवर बसून राहिले, आत येईनात.

अण्णा आले. वय 76, कामावरून निवृत्त. केसच्या फळ्या उकलून खिळे चिखलात पसरले होते. त्यांनी घरून पीठ चाळायची चाळण आणली, चिखल पाण्यात घोळवून चाळला आणि खिळे रॉकेलमध्ये टाकले. संध्याकाळी फडक्यावर वाळत घातलेले खिळे चकाकत होते. शिसं ते, त्याला पुरानं काही केलं नव्हतं. त्या दिवशी आमच्या गाळ्यात जशीच्या तशी राहिलेली वस्तू तेवढी एकच होती. माझे यजमान आत आले ते ती बघायला.

विश्रामबागेतल्या एका छापखान्यानं, ज्यांच्याशी आमची टेंडरात नेहमी गाठ पडायची, रात्री नऊ ते सकाळी सहा आपलं मशीन आम्हाला दिलं. अकरा रात्री. शाई आणि वीजबिल सोडून काही घेतलं नाही. नऊ संस्थांचे अहवाल वेळेत गेले. ते मशीन आमच्या सवयीचं नव्हतं, पण प्लेटआधीचं वाचन त्यांच्या गाळ्यातही झालं. त्यांचा मुलगा पहिल्या रात्री बघत उभा होता, चौथ्या रात्री तोच वाचत होता.

पुढच्या वर्षी करोना आला आणि पत्रिकांचं काम जवळजवळ संपलं. पाचशे पत्रिका छापणारी घरं आता देवापुढं ठेवायला आणि मानकऱ्यांना द्यायला पन्नास छापतात, बाकी आमंत्रण मोबाइलवर. आम्ही लेबलं, खोकी आणि अहवालांवर उभे आहोत. माझी लेक डिजिटल मशीन बघते आणि प्रूफवाचनाला माझ्यासमोर बसते.

2022 च्या ऑगस्टमध्ये त्या पतसंस्थेचा मजकूर आला. लेक वाचत होती, मी प्रूफवर बोट ठेवून होते. श्रद्धांजलीच्या पानावर सातवं नाव त्याच गृहस्थांचं. मी तिला थांबवलं. संस्थेच्या सचिवांना फोन लावला, नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. ते म्हणाले, हो वहिनी, मार्चमध्ये गेले, ९१ वर्षांचे होते, यादी बरोबर आहे. मी फोन ठेवला. लेकीला म्हटलं, हे एक परत वाच. तिनं अक्षर न् अक्षर सुटं करून वाचलं, आणि मग मी प्लेटला जाऊ दिलं.