पिसं, सुकती आणि जिताडा

आंजर्ल्याच्या खाडीवर फ्लाय फिशिंगला निघालो की आळीतले आबा विचारतात, "पिसं खायला मासा म्हणजे काय बोका आहे?" त्यांच्या गरीला जिवंत कोळंबी असते, माझ्या गळाला केसापिसांचं बांधलेलं बोई माशाचं खोटं पिल्लू. त्याला वजन असं नसतंच. म्हणून जाड, जड दोरी हवेत वळवून फेकायची, पिसं तिच्यामागून जातात. समोरून वारा आला की सगळं आपल्याच टोपीवर.

वेळेच्या बाबतीत मात्र आबांचंच चालतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं इकडेतिकडे होतं, पण आबा मोबाइल काढत नाहीत. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की कांदळवनातली पिल्लं आणि कोळंबी पाण्याबरोबर बाहेर ओढली जातात. तिथेच तांबोशी आणि जिताडा दबा धरून असतात.

खरं तर मासा दिसत नाहीच. बघायचे ते पक्षी. डिसेंबरात कुरव आणि सुरय एकाच जागी घिरट्या घालून पाण्यात झेपावू लागले, की खालून कोणीतरी बारीक मासळी वर रेटतंय असं समजावं. मार्चनंतर कुरव उत्तरेला जातात आणि मी निम्मा आंधळा होतो. समुद्री गरुड तेवढा बारमाही. तो साप उचलून नेताना दिसला की माझी दोरी हातातच राहते. वेळासच्या कासवांची गोष्टही याच गरुडापासून सुरू झाली: २००२ साली त्याची घरटी शोधत फिरणाऱ्यांना वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली, आणि मग गावाने अंडी राखायला घेतली.

जून-जुलैत यांत्रिक होड्या बंद असतात. खाडी तांबडी गढूळ होते, पिसं कोणाला दिसणार? याच दिवसांत जिताडे अंडी घालायला खाडीच्या मुखाशी उतरतात. हा मासा आधी नर असतो आणि थोराड झाला की मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठा जिताडा ही बहुधा लाखो अंड्यांची आई. ती लागली तर गळ काढून सोडून द्यावी, असं माझं मत. तिचं कालवण करावं, असं आबांचं. मी फार ताणून धरत नाही, कारण ते कालवण मी जेवलेलो आहे.