पाठकोऱ्या कागदावरचे प्रश्न

शाळेत असताना गेलेले दोन गुण मला अजून परत मिळालेले नाहीत. सातवीत होतो. आंतरशालेय सामान्य ज्ञान स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत प्रश्न आला की अजिंठ्याची लेणी कोणत्या जिल्ह्यात आहेत. मी ठणकावून "औरंगाबाद" म्हटले. परीक्षकांच्या हातातल्या कागदावर मात्र "जळगाव" असे लिहिलेले होते आणि कागदापुढे तेव्हा कोणाचेच चालत नसे. समोर बसलेले सगळे जळगावकर असल्यामुळे प्रतिस्पर्धी संघाच्या चुकीच्या उत्तराला टाळ्याही भरपूर पडल्या. त्यांचे तरी काय चुकले म्हणा! लेण्यांना जाणारा प्रवासी आगगाडीतून जळगावच्या फलाटावर उतरतो, जळगावच्या ज्या चौकातून तो पुढे निघतो त्याचे नावच अजिंठा चौफुली आहे, आणि तिथून साठेक किलोमीटरवरच्या त्या लेण्यांना आम्ही लहानपणापासून "आपली लेणी" म्हणत आलो आहोत. जिल्ह्याची हद्द ही तलाठ्याची बाब, आपलेपणाची नव्हे. गंमत म्हणजे आता त्या जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. म्हणजे ज्या उत्तरासाठी मी घरी येऊन रडलो, तेही आज कोणी दिले तर एखादा काटेकोर परीक्षक दुरुस्ती सुचवेल.

त्या दोन गुणांचा वचपा काढायचा म्हणून असेल, पण प्रश्नमंजूषेचे वेड मला तेव्हापासून जे लागले ते सुटले नाही. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचा "क्विझ टाइम" सुरू झाला, तेव्हा शेजाऱ्यांच्या ओसरीवर चपलांच्या ढिगाशेजारी बसून आम्ही तो पाहायचो. इंग्रजी निम्मे कळायचे नाही. पण प्रश्न संपल्यावर आणि उत्तर येण्याआधी त्या महाविद्यालयीन मुलांच्या चेहऱ्यावर जे काही चालायचे, ते कळायला भाषेची गरज नव्हती. पुढे २००० साली करोडपतीचा खेळ आला आणि प्रश्नांना पैसे व पर्याय असे दोन्ही चिकटले. पैशांबद्दल माझी तक्रार नाही. पर्यायांबद्दल आहे. चार उत्तरे ताटात वाढून "यातले एक उचला" म्हणणे म्हणजे शेतात नेऊन हरभरा उपटू न देता सोललेले दाणे हातावर ठेवण्यासारखे आहे.

आमची मंडळी आठ-दहा जणांची आहे आणि तिला नाव नाही. एक सेवानिवृत्त बँक अधिकारी, दोन शिक्षक, एक औषध दुकानदार, रेल्वेत भुसावळला नोकरी करणारे एक गृहस्थ, आणि उरलेले माझ्यासारखे, ज्यांचा व्यवसाय सांगून काही फरक पडत नाही असे. हिवाळ्यात महिन्यातून एकदा आम्ही एका मित्राच्या शेतावर भरिताच्या निमित्ताने जमतो. भरताची ती मोठी, पोपटी हिरवी वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, त्यात मिरची, लसूण, कांद्याची पात पडायची आणि कळण्याच्या पुऱ्यांबरोबर ती खायची. या सगळ्याला निदान दोन तास लागतात. त्या दोन तासांत आमची प्रश्नमंजूषा होते. बझर नाही, गुणफलक नाही, बक्षीस नाही. ज्याला उत्तर येईल त्याने हात वर करायचा, आणि हाताला वांग्याची राख लागलेली असेल तर नुसते खाकरले तरी चालते.

प्रश्न काढतात ते नाना, म्हणजे आमचे बँक अधिकारी. जुन्या दिनदर्शिकेची पाने चौकोनी कापून, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर ते शाईच्या पेनाने प्रश्न लिहून आणतात. प्रश्नाबद्दल त्यांची मते कडक आहेत. "सर्वांत पहिला कोण", "सर्वांत उंच कोणते" असल्या प्रश्नांना ते पोपटाचे प्रश्न म्हणतात. ज्याने पाठ केले त्याला येते, ज्याने केले नाही त्याला येत नाही, आणि दोघांनाही त्यातून काही मिळत नाही. त्यांची कसोटी अशी की उत्तर ऐकल्यावर ऐकणाऱ्याच्या तोंडून "अरेच्चा!" निघाले पाहिजे. "असेल बुवा" निघाले, तर नाना तो कागद तिथेच जाळात टाकतात. अशा रीतीने वांगी भाजायला थोडी मदतही होते.

ही कसोटी मला पूर्ण पटायला काही वर्षे लागली. पटली ती एका प्रश्नामुळे. नानांनी विचारले, "ज्या व्यक्तीला लिहिता-वाचता येत नव्हते, तिचे नाव कोणत्या विद्यापीठाला आहे?" आम्ही जगभर फिरलो. कोणी कबीर म्हणाले, कोणी एखादा राजा सुचवला, शिक्षकांपैकी एकाने अकबराचेही नाव घेतले. दोन मिनिटांनी औषध दुकानदार हळूच म्हणाला, "अहो, आपलेच की!" उत्तर आमच्या शहराच्या वेशीवर उभे होते. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे, आणि असोद्याच्या या लेकीला अक्षरओळख नव्हती. तिच्या ओव्या इतरांनी लिहून घेतल्या म्हणून उरल्या, हे आम्हांला सर्वांना शाळेपासून ठाऊक होते. दोन्ही गोष्टी माहीत होत्या, पण त्या डोक्यातल्या दोन वेगळ्या फडताळांत पडून होत्या. कोणी त्या एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. चांगला प्रश्न माहिती देत नाही. घरातल्याच दोन वस्तू उचलून एका कोनाड्यात ठेवतो.

तेव्हापासून मी प्रश्नांकडे असे पाहू लागलो आणि आपल्या मुलखात असल्या वस्तूंचा किती साठा आहे, हे लक्षात येऊ लागले. एकच अक्षर बदलून कोणत्या प्रांताचे नाव एका बादशहाने आपल्या मुलाच्या नावाशी जुळवले? १६०१ साली असीरगड हाती आल्यावर अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाचे दानदेश केले. नाव टिकले नाही, प्रश्न मात्र फक्कड झाला. धुळ्याच्या तुरुंगाचाही असाच एक प्रश्न आहे. १९३२ साली तिथे विनोबा सहबंदीवानांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. तेव्हा वक्ता, लेखनिक आणि श्रोते असे सगळेच ज्याच्या निर्मितीच्या वेळी कैदेत होते असे मराठी पुस्तक कोणते, असे विचारले की नुसते "गीताप्रवचने कोणी लिहिली" यापेक्षा प्रश्न कितीतरी वर उठतो. वनस्पती तूप काढण्यासाठी १९४५ मध्ये अमळनेरला निघालेला कारखाना आज जगात संगणकाच्या कामासाठी ओळखला जातो, हा विप्रोचा प्रश्न आता इतका वापरला गेला आहे की नानांनी त्याला निवृत्त केले आहे. आणि तापीचा उगम कुठे, या प्रश्नाचे उत्तर तर त्या गावाच्या नावातच आहे: मूळतापीचे मुलताई झाले. बैतूल जिल्ह्यातले हे गाव मी पाहिलेले नाही, पण त्याचे नाव नीट ऐकले असते तर भूगोलाच्या पुस्तकाची गरज पडली नसती.

मला सर्वांत झोंबलेला प्रश्न फैजपूरचा. खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन कोणते, असे एका स्पर्धेत विचारले गेले आणि मी हरिपुरा म्हणालो. हरिपुरा १९३८ चे. फैजपूर १९३६ चे, नेहरूंच्या अध्यक्षतेखालचे. हे न येण्याला माझ्यापाशी काहीही सबब नव्हती, कारण माझी आजी सावद्याची. दहा वर्षांची असताना वडिलांच्या बैलगाडीतून ती त्या अधिवेशनाला गेली होती. नेहरू काय बोलले ते तिला आठवत नसे. बांबूची केवढी मोठी कमान होती आणि धुळीने लुगडी कशी लाल झाली होती, हे ती दर वर्षी न चुकता सांगे. त्या बांबूच्या सजावटीमागे शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांचा हात होता, हे मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळाले. तोपर्यंत आजी गेली होती. कमानीचे वर्णन मी शंभरदा ऐकले होते; पण ती कशाची कमान, हे एकदाही विचारले नव्हते.

उत्तरांचे वय हा या छंदातला अवघड भाग आहे. आमच्यातले शिक्षक जुनी सामान्य ज्ञानाची पुस्तके जमवतात आणि ती उघडली की नाना त्यांना "शिळी भाकर" म्हणतात. महाराष्ट्रात जिल्हे किती, याचे उत्तर १९६० मध्ये २६ होते. १९८१-८२ मध्ये ते ३० झाले, मुंबई उपनगर निघाल्यावर ३१, १९९८ मध्ये आमच्या धुळ्यातून नंदुरबार आणि तिकडे अकोल्यातून वाशीम वेगळे झाल्यावर ३३, पुढच्या वर्षी ३५ आणि २०१४ मध्ये पालघर धरून ३६. प्रत्येक उत्तर आपापल्या वर्षी बरोबर होते. २००६ साली प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठवले, तेव्हा नऊ ग्रह घोकलेली आमची सबंध पिढी एका रात्रीत चुकली. म्हणून आता आमच्याकडे प्रश्नाबरोबर साल सांगायची पद्धत आहे.

वय झालेले उत्तर परवडले. जाणूनबुजून पेरलेले खोटे उत्तर फार वाईट. फ्रेड वर्थ नावाच्या अमेरिकी लेखकाने सटरफटर माहितीचा एक कोश केला होता, आणि त्यातून कोणी चोरी केली तर पकडता यावी म्हणून कोलंबो या दूरचित्रवाणीवरच्या गुप्तहेराचे पहिले नाव "फिलिप" असल्याचे त्याने आपल्या मनाने ठोकून दिले होते. पुढे "ट्रिव्हियल पर्सूट" हा खेळ निघाला आणि त्याच्या एका पत्त्यावर हेच फिलिप अवतरले. वर्थने १९८४ मध्ये दावा लावला. खेळवाल्यांनी त्याचा कोश वापरल्याचे कबूल केले, पण माहिती ही कोणाची मालकी नसते, असे म्हणून न्यायालयाने दावा फेटाळला. ही गोष्ट मी मंडळीत सांगितली तेव्हा रेल्वेवाले गृहस्थ बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "म्हणजे खोटे सांगणाऱ्याचे खोटे चोरीला गेले, आणि चोरीही सिद्ध झाली, पण हाती काही लागले नाही." भुसावळच्या यार्डात आयुष्य काढलेल्या माणसाचे हे मत मला कोणत्याही निकालपत्राहून सुटसुटीत वाटले.

ज्या शब्दावरून त्या खेळाचे नाव आले, तो "ट्रिव्हिया" मुळात लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ जिथे तीन रस्ते मिळतात ती जागा. जिथे येणारा-जाणारा कोणीही दोन घटका थांबून बोलतो तिथले बोलणे, म्हणजे फुटकळ बोलणे. आमच्याकडे एक रस्ता जास्त घेऊन त्याला चौफुली म्हणतात. धरणगावचा प्रश्न मला म्हणूनच आवडतो: जेम्स आउट्रमने १८२५ साली भिल्लांची पलटण उभी केली ते गाव आणि बालकवींनी जन्म घेतला ते गाव, यांत समान काय? गावच समान. इंग्रजांची कवायत आणि फुलापाखरांची कविता, दोन्ही एकाच वेशीतून आत आल्या.

गेल्या पौषात नानांनी एकच कागद आणला होता. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. त्यामुळे आमच्या मंडळीत भास्कराचार्य हे आद्य प्रश्नकर्ते मानले जातात. आणि "लीलावती" वाचली की हे मानणे अगदीच अस्थानी वाटत नाही. त्यात गणिते आहेत, पण ती विचारली आहेत एखाद्या समोर बसलेल्या माणसाला विचारावीत तशी. नानांनी त्यातला भुंग्यांचा प्रश्न वाचला. भुंग्यांच्या थव्यापैकी पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलिंध्राच्या फुलावर, या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुड्याकडे, आणि उरलेला एक भुंगा केतकी व मालती या दोघींच्या सुगंधाने ओढला जाऊन आकाशातच इकडून तिकडे घिरट्या घालीत राहिला. तर भुंगे किती?

शिक्षकांनी राखेत काडीने समीकरण मांडायला घेतले. औषध दुकानदाराने भ्रमणध्वनी काढला, तो नानांनी नजरेनेच परत खिशात घालायला लावला. तेवढ्यात शेतमालक मित्राच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो आणि ज्यांनी इतक्या वर्षांत एकाही प्रश्नाला तोंड उघडले नव्हते, वांगी उलटता उलटता म्हणाल्या, "पंधरा."

नानांनी विचारले, "कसे काढले?"

"पाचाचाही भाग गेला पाहिजे आन् तिनाचाही. अर्धा भुंगा तर काही उडत नाही. मंग पंधरा धरून पाह्यले. तीन, पाच, सहा आन् हा एक."

समीकरणावरची काडी तशीच राहिली. नानांनी कागदाकडे पाहून मान हलवली. उत्तर बरोबर होते. आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, पण वहिनींचे लक्ष आमच्याकडे नव्हते. चिमट्याने वांग्याचा देठ धरून त्यांनी विचारले, "पण नाना, तो एकटा राह्यला ना, तो शेवटी बसला कुठं मंग?"

नानांनी चष्मा वर सरकवला. कागद पुन्हा वाचला. मग तो उलटून पाहिला; मागच्या बाजूला एका सरलेल्या महिन्याच्या तारखा तेवढ्या होत्या.