लॅपटॉप एकच असेल तर हॉटस्पॉट नको, केबल लावा

फोनचं नेट लॅपटॉपला द्यायचं म्हटलं की बोट आपोआप हॉटस्पॉटच्या बटणाकडे जातं. टॅबलेट, टीव्ही, आणखी कुणाचा तरी फोन अशी तीन-चार गिऱ्हाइकं असतील तर ते ठीकच आहे. पण नेट एकाच लॅपटॉपला हवं असेल आणि तो हाताच्या अंतरावर असेल, तर यूएसबी केबल जवळजवळ नेहमीच सरस ठरते. फोन वापरता वापरता चार्ज होतो, वाय-फायचा रेडिओ राबवावा लागत नाही म्हणून कमी तापतो, आजूबाजूच्या राऊटरांची गर्दी आड येत नाही आणि पासवर्डची भानगडही उरत नाही.

अँड्रॉइडवर क्रम पाळायचा. आधी केबल जोडा, मग सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' आणि त्यात 'हॉटस्पॉट अँड टेदरिंग' उघडा (सॅमसंगवर हेच 'कनेक्शन्स'मध्ये सापडतं), आणि 'यूएसबी टेदरिंग' (केबलवरून नेट वाटणं) चालू करा. केबल जोडायच्या आधी हा पर्याय धूसर दिसतो. जोडूनही धूसरच राहिला तर आधी केबलवर संशय घ्या. काही केबलींमध्ये वीज नेणाऱ्या दोनच तारा असतात, डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. खूण अशी, की फोन चार्जिंग दाखवतो, पण लॅपटॉपला फोन जोडल्याचा पत्ताच नसतो आणि फोनमधले फोटोही उघडता येत नाहीत. दुसरी केबल लावून बघा, आणि मध्ये हब (एका पोर्टाचे अनेक करणारा डबा) असेल तर तो काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टात.

विंडोज १० आणि ११ मध्ये अँड्रॉइडसाठी लागणारा ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र ओळखणारं सॉफ्टवेअर) आधीच असतो. लिनक्सवरही बहुधा काही करावं लागत नाही. अडतं ते मॅकवर: बरेच अँड्रॉइड फोन यूएसबीवर आरएनडीआयएस नावाची पद्धत वापरतात आणि मॅकला ती येत नाही. नव्या काही फोनांमध्ये एनसीएम ही पद्धत आली आहे, ती मॅकला कळते. तुमचा फोन जुन्या पद्धतीचा असेल तर मॅकसाठी मुकाट्याने वाय-फाय वापरा. उलट आयफोन विंडोजला जोडायचा तर ॲपलचा ड्रायव्हर लागतो, तो आयट्यून्स किंवा 'ॲपल डिव्हाइसेस' या ॲपसोबत येतो. केबल लावल्यावर आयफोन 'ट्रस्ट' करायचं का विचारतो, तिथे हो म्हटल्याशिवाय पुढे काही हलत नाही.

केबल निघाली की अँड्रॉइडवर टेदरिंग बंद होतं आणि पुन्हा हातानं चालू करावं लागतं. रोजचं काम असेल तर 'डेव्हलपर ऑप्शन्स'मध्ये 'डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन' शोधा आणि तिथे यूएसबी टेदरिंग निवडून ठेवा.

केबलचा आणखी एक उपयोग फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. अँड्रॉइड फोन वाय-फायला जोडलेला असताना यूएसबी टेदरिंग चालू केलं तर लॅपटॉपला तेच वाय-फायचं नेट मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. म्हणजे फोन झाला लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड! लॅपटॉपचं कार्ड बिघडलं असेल, किंवा विंडोज नव्यानं टाकल्यावर त्याला वाय-फायचा ड्रायव्हरच नसेल, तर सुटका इथेच आहे. (ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर हवा, हा घोळ ज्यांनी पाहिलाय त्यांना याची किंमत कळेल.) आयफोन हे करत नाही, तो फक्त मोबाइल डेटाच वाटतो.

आता हॉटस्पॉट लावायचाच आहे तर पहिला निर्णय बँडचा, म्हणजे वाय-फाय कुठल्या लहरींवर चालवायचं त्याचा. ५ गिगाहर्ट्झवर वेग चांगला मिळतो, पण भिंत मध्ये आली की सिग्नल लवकर ढेपाळतो. २.४ लांब पोचतो, पण त्यावर गर्दी असते. बरेच प्रिंटर, स्मार्ट बल्ब आणि जुने लॅपटॉप २.४ सोडून दुसरं काही ओळखतच नाहीत. 'माझ्या लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसतच नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनांवर त्यासाठी 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' असं बटण आहे, ते चालू केलं की हॉटस्पॉट २.४ वर येतो. २.४ वर असताना यूएसबी ३ ची हार्ड डिस्क फोनला किंवा लॅपटॉपच्या अँटेनाला खेटून ठेवू नका. तिच्या केबलीतून नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट होतो आणि वेग कोसळतो.

हॉटस्पॉट दिसतो, पासवर्डही बरोबर आहे, तरी जुनं यंत्र जोडलं जात नाही? मग सुरक्षेचा प्रकार बघा. फक्त डब्ल्यूपीए३ (वाय-फाय सुरक्षेची नवी पद्धत) ठेवलं असेल तर जुन्यांना ते झेपत नाही. डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ हा मिश्र पर्याय निवडा. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतो. नावाची गंमत वेगळीच आहे: वाय-फायच्या नावाला मर्यादा ३२ बाइटची (साधं रोमन अक्षर किंवा मोकळी जागा म्हणजे १ बाइट), आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. 'स्वयंपाकघर' या शब्दात अशी १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट; जेमतेम मावतो. पुढे जागा सोडून '२' लिहायला गेलात की ३४, आणि फोन नकार देतो. शिवाय जुनी यंत्रं असं नाव चौकोन-चौकोन करून दाखवतात, म्हणून इथे साधी रोमन अक्षरं परवडतात.

हॉटस्पॉट आपोआप बंद पडतो तेव्हा बिघाड नसतो, बचत असते. काही वेळ कुणीच जोडलेलं नसेल तर अँड्रॉइड तो बंद करतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्येच ती सोय बंद करता येते. 'डेटा सेव्हर' चालू असेल तर साध्या अँड्रॉइडवर हॉटस्पॉट चालूच होत नाही. आयफोनवर पहिल्यांदा जोडताना 'पर्सनल हॉटस्पॉट'ची स्क्रीन उघडीच ठेवा.

सगळ्यात छळणारा प्रकार म्हणजे जोडलंय, पण नेट नाही. इथे अंदाजानं बटणं दाबत बसू नका, दोन मिनिटं आकडे बघा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) ही आज्ञा रोमन अक्षरांत द्या. पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल तर फोननं पत्ता दिलेलाच नाही: हॉटस्पॉट बंद करून चालू करा, लॅपटॉपवर ते नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा जोडा. आयफोनच्या हॉटस्पॉटवर गेटवे (म्हणजे फोनचा स्वतःचा पत्ता) १७२.२०.१०.१ दिसायला हवा. भलताच पत्ता दिसला तर कुणीतरी ऑफिसच्या नेटवर्कसाठी तो हातानं भरून ठेवलाय, तो 'ऑटोमॅटिक' करा. पत्ता ठीक असेल तर ८.८.८.८ ला पिंग करा (ping 8.8.8.8), म्हणजे बाहेरून उत्तर येतं का ते कळेल. उत्तर येतंय पण साइट उघडत नाही, तर डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेची) गडबड. उत्तरच येत नाही आणि फोनवर मात्र नेट झकास चाललंय, तर एपीएनकडे (फोनमधल्या मोबाइल डेटाच्या जोडणीच्या सेटिंगकडे) वळा: काही मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यावर 'एपीएन टाइप' या रकान्यात 'डीयूएन' (dun) हा शब्द रोमन लिपीत, आधीच्या शब्दांपुढे स्वल्पविराम देऊन, मध्ये जागा न सोडता लिहावा लागतो. प्लॅनमध्येच टेदरिंग नसेल तर मात्र कुठलंही सेटिंग कामाचं नाही.

डेटा किती जाईल याचा हिशेब तोंडपाठ ठेवण्यासारखा आहे: १ एमबीपीएस (सेकंदाला १ मेगाबिट) वेगानं तासभर सतत काही चाललं तर ४५० एमबी. ४ एमबीपीएसचा व्हिडिओ म्हणजे तासाला १.८ जीबी. पण खरा डेटा जातो तो लॅपटॉपच्या पाठीमागच्या उद्योगांत. त्याच्या लेखी सगळं वाय-फाय फुकट असतं, म्हणून अपडेट्स आणि क्लाउडवरचे फोटो तो बिनधास्त ओढतो. विंडोजवर त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' (मोजून वापरायचं नेट) चालू करा, मॅकवर 'लो डेटा मोड'. ही खूण प्रत्येक नेटवर्कला वेगळी असते. वाय-फायला लावलेली केबलला लागू होत नाही, तिथे 'इथरनेट' (विंडोज केबलच्या नेटला हे नाव देतं) याखाली पुन्हा लावायची.

ब्लूटूथनंही नेट देता येतं, पण वेग फार तर १-२ एमबीपीएस. मेल आणि चॅटपुरतं ठीक.

फोनवर व्हीपीएन (नेटची ये-जा कुलूपबंद करून नेणारं ॲप) चालू आहे म्हणून लॅपटॉपही सुरक्षित झाला असं समजू नका. साधारणपणे हॉटस्पॉटवरची यंत्रं त्या व्हीपीएनला वगळून थेट बाहेर जातात. लॅपटॉपवर वेगळं व्हीपीएन लावा. आणि दोन सिमांचा फोन असेल तर मीटिंगच्या आधी हे तपासा: डेटा एका सिमवर आणि कॉल दुसऱ्या सिमवर आला की बऱ्याच फोनांत कॉल संपेपर्यंत डेटा थांबतो, केबल असो वा हॉटस्पॉट. सिमच्या सेटिंगमध्ये कॉल चालू असताना डेटा दुसऱ्या सिमवर वळवण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर दुसरं सिम तेवढ्या वेळापुरतं बंद.