सुभेदारसाहेब गुडघे टेकायचे तेव्हा

पाळक म्हणून दफनविधी चालवणं हा माझ्या सेवेचा नेहमीचा भाग आहे. पण आमच्या मंडळीतले सुभेदारसाहेब गेले त्या दिवसाबद्दल लिहायलाच हवं. ज्या माणसाला मी दर रविवारी भेटत होतो, त्याची खरी ओळख मला त्याच्या शवपेटीशेजारी उभं असताना झाली.

साहेब बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या, रस्ते-पूल बांधणाऱ्या सैन्याच्या अभियंता दलाचे. खडकीला ट्रेनिंग, मग 1971 च्या युद्धात पश्चिम आघाडीवर, पाकिस्तानातल्या शकरगडच्या भागात. संग्राम पदक आणि पश्चिमी स्टार घरात कपाटात होते, पण चर्चमध्ये ते त्यांच्या छातीवर कुणीच पाहिले नव्हते. ते भरती झाले तेव्हा आमचं चर्च जुन्या मिशनचं होतं. 1970 साली वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन नागपूरला उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं आणि आम्ही त्यात सामील झालो. पाटी बदललेली पाहून इतर जुनी माणसं कुरकुरायची, तशी कुरकुर परत आल्यावर साहेबांनी कधी केली नाही. ते म्हणायचे, "पाळकसाहेब, युनिटच्या सर्वधर्म स्थळात पंडितजी, ग्रंथीजी, मौलवीसाहेब सगळ्यांच्या शेजारी बसून प्रार्थना केलीय मी. पाटीचं काय घेऊन बसलात?"

रविवारी ते सगळ्यांच्या आधी यायचे. घंटेचा दोर ओढून बघायचे, माइकची वायर मधल्या वाटेत लोंबत असली तर भिंतीच्या कडेने नेऊन पट्टीने चिकटवायचे. संडे स्कूलची मुलं लढाईची गोष्ट मागायची, तेव्हा हमखास राम राघोबा राण्यांची गोष्ट निघायची. एप्रिल 1948, नौशेरा ते राजौरी रस्ता, वाटेत सुरुंग आणि आडवी पाडलेली झाडं, जखमी असूनही मागे न हटलेला हा सॅपर, आणि जिवंतपणी मिळालेलं परमवीरचक्र. ते सांगताना साहेब खुर्चीवरून उठून उभे राहायचे. "आणि आजोबा, तुम्ही काय केलंत?" या प्रश्नाला उत्तर एकच, "माती उकरली."

त्या सकाळी घरी गेलो तर अंगणात वेगळाच पेच होता. त्यांच्या नातवाने मोठा तिरंगा आणला होता आणि तो पेटीवर घालायचा त्याचा हट्ट होता. विशीतलं पोर, रात्रभर जागलेलं. "आजोबा देशासाठी लढले, मग झेंडा का नाही?" नियम मला माहीत होता. ध्वज पेटीवर घालता येतो तो शासकीय इतमामातल्या किंवा सैन्यदलं आणि निमलष्करी दलांच्या अंत्यविधीत, घरगुती विधीत नाही. पण रडणाऱ्या मुलाला कायदा कसा सांगायचा? शब्द जुळवत होतो, तेवढ्यात साहेबांच्या पलटणीतले एक निवृत्त हवालदार पुढे झाले. बेरे टोपी, कोटावर पदकं, हातात काठी. म्हणाले, "बाळा, आज साहेब उभे असते तर झेंडा बघून आधी त्यांनी सॅल्यूट केला असता, आणि मग स्वतःच्या हाताने घडी घालून आत ठेवला असता. ते काम आता तुझं." दोघांनी मिळून घडी घातली. पेटीवर क्रूस भरलेलं पांढरं कापड आलं आणि त्यावर साहेबांची टोपी.

उपासनेत कुटुंबाने निवडलेलं 121 वं स्तोत्र वाचलं. आठवणी सांगायची वेळ आली तेव्हा हवालदारांनी विचारलं, "मी हिंदू आहे, इथे बोललं तर चालेल?" मी त्यांचा हात धरून पुढे आणलं.

ते माइकपाशी गेलेच नाहीत. काठी बाजूला ठेवली आणि मधल्या वाटेवर, फरशीवर, कष्टाने गुडघ्यांवर बसले. खिशातून पेन काढलं. "ही आमची सुरुंग शोधायची सळी समजा. सुरुंग वरून दाब आला की फुटतो. म्हणून सळी उभी खुपसायची नाही. अशी तिरपी, साधारण 30 अंशांत, हळूच. कशाला लागली की थांबायचं आणि बोटांनी बाजूची माती काढायची. तेवढी जागा साफ झाली की पुढच्या बोटभर जागेत पुन्हा तेच. मागे पांढरी फीत टाकत यायचं, म्हणजे पायदळाला आणि टँकना वाट कळते. अंधार, थंडी, वरून तोफा. आणि पुढे सरकायचं झालं तर आधी तळवा, मग गुडघा. हे साहेबांनी शिकवलं मला. मी नवा होतो, घाईत होतो. त्यांनी माझी कॉलर धरून मागे ओढलं नसतं, तर मी आज इथे बसलो नसतो."

त्यांनी तळवा फरशीवर सपाट फिरवला आणि गुडघा तिथे टेकवला.

पुढच्या बाकांवर कुजबूज झाली. ती हालचाल आम्हा सगळ्यांच्या ओळखीची होती. प्रभुभोजनाला वेदीपुढे आले की साहेब गुडघे टेकण्याआधी नेमका असाच तळवा फिरवायचे. महिला मंडळाच्या भगिनींना वाईट वाटायचं, "एवढी फरशी पुसतो तरी साहेबांना धूळ दिसते." मलाही ते टापटिपीची सवय असल्यासारखं वाटत होतं. शकरगडची माती ते इतकी वर्षं, प्रत्येक प्रभुभोजनाला, स्वतःसोबत घेऊन वेदीपाशी येत होते. तिथे त्यांनी कुणाकुणासाठी प्रार्थना केली असेल ते देवालाच ठाऊक. ज्यांना मागे ओढता आलं नाही, असेही काहीजण असणारच.

लिहून आणलेलं प्रवचन मी वाचलं नाही. स्तोत्रातलं एकच वचन पुन्हा घेतलं, तुझा पाय घसरू न देणाऱ्या रक्षकाचं, आणि म्हणालो की आपल्या साहेबांचा यावर विश्वास होता आणि तरीही ते जमीन तपासून घ्यायचे. मला या माणसाबद्दल जे सर्वांत खरं वाटलं ते एवढंच. मी आजवर केलेलं हे सर्वांत छोटं प्रवचन असेल.

कबरस्तानात माजी सैनिकांनी रांगेत उभं राहून सॅल्यूट केला. मुठीतली माती टाकून लोक पांगू लागले, पण हवालदार थांबून राहिले होते. साहेबांच्या पत्नी जरा सावरल्यावर ते त्यांच्याजवळ गेले. "वहिनीसाहेब, पेन्शनच्या पीपीओमध्ये, म्हणजे मंजुरीच्या कागदात, तुमचं नाव बरोबर आहे का ते बघून ठेवा. मृत्यूचा दाखला मिळाला की आधी पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला कळवायचं, मग तुमची फॅमिली पेन्शन सुरू होईल. डिस्चार्ज बुक, आधार, पासबुक एका पिशवीत घाला. मी येतो, आपण बरोबर जाऊ." नातवाने त्यांचा फोन नंबर लिहून घेतला.