गरोदर बहीण, सुई आणि दोन खिडक्या

धाकट्या बहिणीला दिवस गेले तेव्हा ती नशेचं इंजेक्शन घेत होती. आधी गर्द (हेरॉइन) ओढायची, लग्नानंतर नवऱ्याच्या संगतीने सुईवर आली. मुंबईत हॉस्पिटलात प्रसूतीसाठी तिचं नाव घालायला मीच सोबत गेले.

केसपेपर, वजन, रक्त, सगळं पटापट झालं. एचआयव्ही चाचणीआधी समुपदेशक मॅडमनी संमती विचारली, तर ही म्हणाली, "मला कशाला होईल? आमची सुई दोघांतच असते, बाहेरच्या कुणाची नाही."

"आधी कोण टोचून घेतं?"

"तोच. मग मला तोच टोचतो."

"आणि तो कुणाकुणाबरोबर बसतो?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं आणि सहीला पेन मागितलं.

खरा ताप पुढे झाला. प्रसूती विभागाच्या खिडकीवर ऐकवलं, "आधी नशा सोड, मग ये." आम्ही ओएसटी (ओपिऑइड सबस्टिट्यूशन थेरपी, म्हणजे नशेऐवजी औषध देण्याचा उपचार) केंद्रावर गेलो. तिथे सुईऐवजी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज समोर बसवून जिभेखाली ठेवायला देतात. तिथे म्हणाले, "बाई गरोदर आहे, गायनॅकची चिठ्ठी आणा." परत प्रसूती विभागात आलो, तर त्यांना ओएसटीची चिठ्ठी हवी! दोघांनाही जबाबदारी नको होती. आजही आठवलं की संताप होतो. गरोदरपणात गर्द एकदम तोडला तर गर्भपात होऊ शकतो, कळा वेळेआधी येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच अशा बायकांना ओएसटी द्या असं सांगितलंय. हे खिडकीवरच्या माणसाला ठाऊक नसावं?

आणि तोवर बहीण बाकावर. टर्की लागलेली, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास. नाक गळतंय, अंगावर काटा, पोटऱ्यांत गोळे, एक हात पोटावर. "ताई, मी जाऊन येते," म्हणाली. कुठे, ते मला कळलं. त्या अवस्थेत माणूस कोरी सिरिंज शोधत बसत नाही, मिळेल ती घेतो. धोका तिला समजला होता, पण अंगाला धीर नव्हता. चिठ्ठीसाठी ताटकळत ठेवणाऱ्यांनीच तिला त्या सुईकडे ढकललं, असं माझं ठाम मत आहे.

सुटका केली ती समुपदेशक मॅडमनीच. त्यांनी ओएसटीच्या डॉक्टरांना थेट फोन लावला, केसपेपरवर लिहून दिलं आणि गोळी सुरू झाली. म्हणून सांगते, अडलात तर खिडकीशी वाद घालू नका, आधी समुपदेशक गाठा. १०९७ वर फोन फुकट लागतो.

आणि हो, नुसती सुई बदलून भागत नाही. चमचा, कापूस, पाणीही वेगळं हवं. हेपटायटिस सी त्यातूनही पसरतो.

एचआयव्हीचा अहवाल निगेटिव्ह आला, मी तिथेच रडले. पण ताजी लागण लगेच दिसत नाही, म्हणून पुढच्या महिन्यांत पुन्हा तपासणी झाली. पॉझिटिव्ह आला असता तरी मार्ग होता. औषधांशिवाय शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होऊ शकते, वेळेवर औषधं घेतली तर पाचाहून कमी. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

प्रसूतीआधी बाळाच्या डॉक्टरांना गोळीबद्दल जरूर सांगा. जन्मानंतर काही दिवस बाळालाही टर्कीसारखा त्रास होऊ शकतो. त्यावर उपचार आहेत, तेव्हा घरी न्यायची घाई करू नका.