भाजीच्या टोपलीची वर्गणी भरण्याआधी घरातले हात मोजा

गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार आहे, कोपऱ्यावर हातगाडी आहे, मोबाईलवर दहा मिनिटांत येणारी पिशवी आहे. मग नाशिकमध्ये भाजीची आठवड्याची वर्गणी, म्हणजे आगाऊ पैसे भरून दर आठवड्याला शेतातून घरी येणारी टोपली, कशाला, असं कोणी विचारलं तर त्यात चूक नाही. गिरणारे, मखमलाबाद, मातोरी, दिंडोरी ही भाजीची गावं शहराला इतकी लागून आहेत की साध्या बाजारातली मेथीसुद्धा बहुतेक वेळा आदल्या दिवशी उपटलेली असते. त्यामुळे नुसत्या ताजेपणासाठी आगाऊ पैसे भरण्यात इथे तरी फारसा अर्थ नाही.

वर्गणीत मिळतो तो शेतकरी. भाजी कोणाच्या वावरातली, शेवटची फवारणी कधी झाली, पाणी कुठलं, हे ज्याला विचारता येतं असा माणूस. त्याच्या बदल्यात आपण निवड सोडतो. आज काय करायचं हे घर ठरवत नाही, टोपली ठरवते. ज्या स्वयंपाकघरात आधी बेत ठरतो आणि मग भाजी आणली जाते, तिथे ही उलटी रीत दुसऱ्या महिन्यातच टोचायला लागते. दारात जे येईल त्याचं काहीतरी करणारं कोणी घरात असेल तरच पुढचा हिशेब मांडावा.

तो हिशेब कॅलेंडरवर मांडता येतो. दुधाच्या खाड्यांसारखं दोन आठवडे रोजच्या चौकटीत लिहा: सकाळी कोणती भाजी, संध्याकाळी कोणती, किती उरली, किती टाकली. चार माणसांच्या घरात आठवड्याची चौदा जेवणं धरली, त्यातून उसळ, पिठलं, आमटी-भात यांची चार, बाहेरचं एक आणि सकाळचंच संध्याकाळी वाढलेली दोन वजा केली, तर भाजी खरोखर सात वेळा होते. एका वेळेला अर्धा किलो गवार किंवा भेंडी, म्हणजे साडेतीन किलो. कोशिंबीर, फोडणी, वाटणाला काकडी-टोमॅटो-कोथिंबीर दीड किलो. एकूण पाच किलो झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा सल्ला बटाटा सोडून माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या खाण्याचा आहे. त्या मापाने याच घराला आठवड्याला अकरा किलोंहून जास्त भाजी लागेल. खावी तेवढी आणि खातो तेवढी यांतलं हे अंतर आहे. टोपलीवर ‘चार जणांसाठी’ लिहिलेलं असेल तर ते यांतल्या कोणत्या मापाने, हे विचारून घ्या. पहिली टोपली आपल्या प्रत्यक्ष खपाच्या तीन-चतुर्थांशाचीच घ्यावी. कमी पडलं तर हातगाडी आहेच. उरलेलं मात्र फ्रिजच्या तळाशी सडतं.

वजनात आणखी एक फसगत असते. मेथी मुळासकट आणि मातीसकट येते. निवडल्यावर जेमतेम निम्मी उरते. वाटाण्याच्या शेंगांतून दाणे साधारण निम्मे निघतात. फ्लॉवरचा पाला आणि दांडा गेला की बराच भार कमी होतो. टोमॅटो, भेंडी, दोडक्यात एवढी घट नसते. जुडीवर तर मुळीच जाऊ नका. जानेवारीतली जुडी हातात मावत नाही आणि ऑगस्टमधली अंगठ्याएवढी असते. पालेभाजी ग्रॅममध्ये सांगणारा विक्रेता बरा.

आता हातांचं. एक बरी जुडी निवडायला एका माणसाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. टोपलीत मेथी, पालक, शेपू, गवार आणि वाटाणा एकदम आला तर ती संध्याकाळ त्यातच जाते. दोघंही सातपूरहून किंवा अंबडहून आठला घरी पोचत असतील आणि टोपली बुधवारी येणार असेल, तर मेथी रविवारपर्यंत तशीच राहते आणि पिवळी पडते. वर्गणी सुटण्याचं कारण दर किंवा चव क्वचित असतं; बहुतेकदा हे निवडणंच असतं. म्हणून दिवस शनिवार सकाळचा मागा, किंवा आठवड्याला एकच पालेभाजी अशी अट घाला. आणि कोण निवडणार हे पैसे भरण्याआधी घरात बोलून घ्या. ‘सगळे मिळून करू’ याचा अर्थ बहुतेक घरांत आई करणार असा होतो.

सणवार हा दुसरा खडा. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की काही घरांत वांगं बंद होतं ते थेट चंपाषष्ठीच्या भरितालाच परत येतं. कुठे कांदा-लसूण वर्ज्य, कुठे श्रावणात पालेभाजी नाही. नेमक्या त्याच दिवसांत वांगी भरपूर निघतात आणि टोपलीत किलो-किलोने येतात. बदली भाजी मिळेल का, आणि ती किती दिवस आधी सांगावी लागेल, हे ठरल्याशिवाय आषाढात वर्गणी सुरू करू नये.

टोपलीत कांदा-बटाटा असेल तर तो काढून घ्यायला सांगा. ज्या जिल्ह्यात लासलगाव आणि पिंपळगाव आहे, तिथल्या घरांनी आठवड्याला अर्धा किलो कांद्याचे पैसे आगाऊ भरणं म्हणजे गंमतच. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा गोणीने घेऊन पसरून ठेवला तर चार-पाच महिने सहज टिकतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा तसा टिकत नाही, तो लागेल तसा घ्यावा. बरेच विक्रेते टोपलीचं वजन याच दोन गोष्टींनी भरतात.

दर पाहताना ‘टोपली ५०० रुपये’ हा आकडा बाजूला ठेवा. समजा तीत सहा किलो भाजी आहे आणि तुमच्या घरी दीड किलो कायम वाया जाते. तर किलोला ८३ नव्हे, १११ रुपये पडले. त्याच आठवड्याला तीच यादी घेऊन बाजारात जा आणि फरक काढा. हा फरक महिन्यामहिन्याला उलटतो. नाशिक बाजार समितीत मेथी-कोथिंबिरीचे लिलाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांच्या भावाने, होतात आणि आवक वाढली की हिवाळ्यात भाव इतके कोसळतात की काढणीची मजुरीही निघत नाही. पावसाळ्यात पाला सडला की तीच जुडी कित्येक पटींनी महागते. बांधील दराची वर्गणी जानेवारीत महाग आणि ऑगस्टमध्ये स्वस्त वाटते, ती यामुळे. सौदा असाच आहे, त्यात फसवणूक नाही. पण ऑगस्टमध्ये शेतकऱ्यालाही लिलावाचा मोह होतो आणि वर्गणीदाराच्या टोपलीत दुधी आणि डांगर, म्हणजे लाल भोपळा, वाढतं. चार आठवड्यांची चाचणी घ्यायची तर म्हणूनच जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. हिवाळ्यात कोणाचीही टोपली चांगलीच दिसते.

वर्गणीच्या नावाखाली तीन वेगळे धंदे चालतात. एकात शेतकरी हंगामाचे पैसे आधी घेतो आणि जे पिकेल त्याचा वाटा देतो. गारपिटीत गेलं तर तुमचंही गेलं. दुसऱ्यात शेतकऱ्यांचा गट ठरलेल्या वजनाची टोपली देतो. तिसऱ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर यादी येते, तुम्ही खुणा करता आणि माल बाजार समितीच्या मार्केट यार्डातून उचलला जातो. तिसरा प्रकार वाईट नाही, पण ती घरपोच भाजी झाली. तिला शेताचा भाव देऊ नये. ओळखायचं कसं? जूनमध्ये हिरवा वाटाणा आला तर तो इथल्या वावरातला नाही. भर पावसात प्रत्येक आठवड्याला सारख्या आकाराची कोथिंबीर येत असेल तर शंका घ्या. ढोबळी मिरची आणि काकडीवरून मात्र निष्कर्ष काढू नका. ती शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या छताखाली, हंगामाबाहेरही होते. खऱ्या शेताच्या टोपलीत सलग चार आठवडे गिलकी, म्हणजे घोसाळी, येतात, कारण वेलाला तेव्हा गिलकीच लागलेली असतात.

थेट विक्रीला कायद्याची अडचण नाही. २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. ‘सेंद्रिय’ या शब्दाबाबत मात्र कागद मागावा. पीजीएस-इंडिया या, शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेतं तपासण्याच्या, सरकारी योजनेत ‘ग्रीन’ म्हणजे जमीन अजून रासायनिकहून सेंद्रियकडे रूपांतराच्या काळात आहे आणि ‘ऑरगॅनिक’ म्हणजे तो काळ संपला आहे. एनपीओपी या निर्यातीसाठीच्या राष्ट्रीय सेंद्रिय नियमांत हंगामी पिकांना हा काळ किमान दोन वर्षांचा असतो. स्वतःचा माल थेट विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, म्हणून कागद नाही म्हणजे खोटं असं नाही. अशा वेळी शेत पाहू देतो का, एवढं विचारा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं.

टोपली कुठे ठेवली जाते हेही महत्त्वाचं आहे. बंद प्लॅस्टिकमध्ये वॉचमनच्या केबिनमध्ये तीन तास पडलेली मेथी एप्रिलमध्ये आतून तापते, आणि तापलेला पाला फ्रिजमध्ये टाकूनही सुधारत नाही. सकाळी नऊच्या आत आणि क्रेट किंवा कापडी पिशवीत, हे ठरवून घ्या. घरात आल्यावर पालेभाजी धुवू नका. मुळं कापा, सडलेली पानं काढा, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. टोमॅटो आणि केळी तिच्यापासून लांब ठेवा, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाला लवकर पिवळा पडतो. टोमॅटो बाहेरच चांगले. वांगी आणि काकडी फार गार जागी ठेवली तर डागाळतात. खाण्याचा क्रम पालेभाजी, मग भेंडी-गवार-गिलकी, मग फ्लॉवर, आणि कोबी, गाजर, बीट, डांगर शेवटी.

दोन माणसांच्या घराला अर्धी टोपली मिळत नसेल तर शेजाऱ्यांबरोबर एक घेता येते. पण दर आठवड्याला सगळं अर्धं-अर्धं कापत बसू नये. एका आठवड्याला पालेभाज्या तुमच्याकडे आणि फळभाज्या त्यांच्याकडे, पुढच्या आठवड्याला उलट. अख्खं डांगर आलं तर ते मात्र त्याच दिवशी चिरून वाटावं. एकदा कापलं की ते फ्रिजमध्येच ठेवावं लागतं आणि तीन-चार दिवसांत संपवावं लागतं.